उपग्रहाचा पाऊस आणि गच्चीवरचा पर्जन्यमापक : मुंबईत पडताळणी कशी करावी

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडलेला पाऊस सुमारे ७३ मिलिमीटर होता. दोन्ही केंद्रे एकाच शहरात आहेत, त्यांच्यातले अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे आहे आणि दोन्ही नोंदी बरोबर आहेत. आता अशी कल्पना करावी की, त्या दिवशी एखाद्या उपग्रहाने मुंबईवर ४०० मिलिमीटर पाऊस पडल्याचे सांगितले असते, तर त्याला चूक म्हणावे की बरोबर? सांताक्रूझशी ताडून पाहिले तर त्याने निम्म्याहून कमी पाऊस सांगितला आणि कुलाब्याशी ताडून पाहिले तर पाचपटीहून अधिक. या प्रश्नाचे उत्तर देता येण्यासाठी आधी काय काय ठरवावे लागते, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

महाविद्यालयातील प्रकल्प, शाळेची निरीक्षणे, तलाव किंवा नदी जपणाऱ्या गटांचे काम, किंवा निव्वळ स्वतःच्या गच्चीवर पावसाची नोंद ठेवण्याची आवड, यांपैकी कशासाठीही ही पद्धत वापरता येईल. पडताळणीचा विषय म्हणून मी पाऊस निवडला आहे, कारण मुंबईत तो मुबलक पडतो, तो मोजायला महागडी साधने लागत नाहीत आणि उपग्रहांची खरी परीक्षा याच विषयात होते. पृष्ठभागाचे तापमान, वनस्पतींचे आच्छादन किंवा समुद्राच्या पाण्याचा रंग पडताळायचा असेल तर साधने बदलतात, परंतु दोन मापे एकाच जागेची, एकाच वेळेची आणि एकाच गोष्टीची आहेत हे आधी सिद्ध करायचे, ही अट कुठेच सुटत नाही.

उपग्रह नेमके काय पाहतो

उपग्रह पावसाचे थेंब मोजत नाही. तो ढगांतून आणि जमिनीवरून येणारे प्रारण (लहरींच्या रूपातली ऊर्जा) मोजतो आणि त्यावरून गणिताने पावसाचा अंदाज बांधला जातो. इन्सॅट-३डीआर किंवा इन्सॅट-३डीएस यांसारखे भूस्थिर उपग्रह अवरक्त किरणांतून ढगांच्या माथ्याचे तापमान पाहतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असे ढोबळ गृहीतक त्यामागे असते. खालच्या कक्षेतील उपग्रहांवरचे सूक्ष्मलहरी संवेदक ढगाच्या पोटात डोकावतात. जीपीएम या जगभरचा पाऊस मोजणाऱ्या मोहिमेच्या, २०१४ च्या फेब्रुवारीत अवकाशात गेलेल्या मुख्य उपग्रहावर १० ते १८३ गिगाहर्ट्झदरम्यानच्या तेरा वाहिन्यांचा असा संवेदक आहे आणि सोबत दोन वारंवारतांवर चालणारे पर्जन्य-रडारही आहे.

समुद्रावर ही पद्धत सोपी ठरते, कारण सूक्ष्मलहरींत समुद्राची पार्श्वभूमी थंड दिसते आणि पावसाचे थेंब तिच्यावर उठून दिसतात. जमिनीची पार्श्वभूमी मुळातच उबदार दिसते, त्यामुळे तेथे थेंबांपेक्षा ढगाच्या वरच्या भागातील बर्फकणांकडून विखुरल्या जाणाऱ्या लहरींवर भिस्त ठेवावी लागते. आपल्याकडचा मोसमी पाऊस मात्र पुष्कळदा उथळ, उबदार ढगांतून पडतो. त्यांत बर्फ थोडा असतो आणि तरीही सह्याद्रीच्या उतारांवर ते तासन्‌तास कोसळत राहतात. अशा पावसाला उपग्रह कमी लेखतो. त्यात मुंबई किनाऱ्यावर असल्यामुळे संवेदकाच्या एकाच दृष्टिक्षेपात अर्धा समुद्र आणि अर्धी जमीन येते आणि पार्श्वभूमी कोणती धरावी हा पेच गणितापुढे उभा राहतो. ही कारणे आधीच माहीत असली म्हणजे पुढे मिळणारे फरक निव्वळ आकडे राहत नाहीत, त्यांचा अर्थ लागतो.

पहिली पायरी : कोणता आकडा तपासायचा ते ठरवणे

‘उपग्रहाचा पाऊस’ नावाची एकच गोष्ट नसते. इस्रोच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राच्या मॉसडॅक संकेतस्थळावर इन्सॅटवरून काढलेले पावसाचे अंदाज मिळतात. नासाच्या संग्रहातून आयमर्ग नावाची मालिका मिळते. तीत अनेक देशांच्या उपग्रहांची सूक्ष्मलहरी निरीक्षणे, अवरक्त निरीक्षणे आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र गुंफलेल्या असतात. दोन्ही ठिकाणी विनामूल्य नोंदणी करावी लागते. नवशिक्यांनी आयमर्गपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन, कारण तिच्या चौकटी (आकडे ज्यांसाठी दिले जातात ते नकाशावरचे चौकोन) नियमित आहेत, दर अर्ध्या तासाचा आकडा मिळतो आणि कागदपत्रे सविस्तर आहेत.

आयमर्गच्या तीन आवृत्त्या निघतात आणि येथेच अनेकांचे पहिले पाऊल चुकते. ‘अर्ली’ आवृत्ती निरीक्षणानंतर सुमारे चार तासांत येते, ‘लेट’ आवृत्ती अर्ध्या दिवसाहून थोड्या अधिक काळात आणि ‘फायनल’ काही महिन्यांनी. फायनल आवृत्तीत जगभरातील पर्जन्यमापकांच्या मासिक विश्लेषणाशी उपग्रहाचे आकडे जुळवून घेतलेले असतात. तेव्हा एखाद्याने फायनल आवृत्ती हवामान खात्याच्या जुन्या, प्रसिद्ध केंद्राच्या नोंदीशी ताडली आणि मासिक बेरीज छान जुळली म्हणून आनंद मानला, तर त्याने कदाचित पर्जन्यमापकाची तुलना पर्जन्यमापकाशीच केलेली असते. पडताळणीला स्वतंत्र पुरावा लागतो. उपग्रहाची स्वतःची क्षमता जोखायची असेल तर अर्ली किंवा लेट आवृत्ती घ्यावी. फायनलच तपासायची असेल तर त्या विश्लेषणात गेलेला नाही अशी खात्री असलेला, म्हणजे आपल्या स्वतःच्या गच्चीवरचा, पर्जन्यमापक घ्यावा. घेतलेल्या मालिकेचे नाव, तिच्या गणिताच्या आवृत्तीचा क्रमांक आणि उतरवून घेतल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण गणिताची नवी आवृत्ती आली की मागील सर्व वर्षांचे आकडे पुन्हा काढले जातात आणि जुन्या निष्कर्षांशी ते जुळत नाहीत.

दुसरी पायरी : आपण कोणत्या चौकटीत राहतो ते पाहणे

आयमर्गची प्रत्येक चौकट अक्षांश आणि रेखांशाच्या ०.१ अंशाची असते. मुंबईच्या अक्षांशावर ती दक्षिणोत्तर सुमारे ११.१ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे १०.५ किलोमीटर भरते, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ११६ चौरस किलोमीटर. चौकटींच्या कडा ०.१ च्या पटींवर येतात. त्यामुळे १९.१ ते १९.२ अक्षांश आणि ७२.८ ते ७२.९ रेखांश या चौकटीत जुहू-अंधेरीपासून गोरेगाव-मालाडपर्यंतचा पट्टा आणि सांताक्रूझची वेधशाळा येते. पवईतील आयआयटीचा परिसर मात्र ७२.९ च्या पूर्वेला असल्याने शेजारच्या चौकटीत जातो. कुलाब्याची स्थिती अधिक अवघड आहे. तेथील वेधशाळा १८.९ अक्षांशाच्या अगदी जवळ, म्हणजे जवळजवळ दोन चौकटींच्या सीमेवर आहे आणि त्या दोन्ही चौकटींचा मोठा भाग समुद्राचा आहे. अशा केंद्रासाठी एकच चौकट न घेता लगतच्या दोन्ही चौकटी घेऊन निष्कर्ष बदलतो का ते पाहावे.

मोबाइलवरील नकाशात आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश निदान तीन दशांश स्थळांपर्यंत पाहून घ्यावेत आणि कागदावर चौकट आखून तिच्यात समुद्र किती, खाडी किती, डोंगर किती याचा अंदाज लिहावा. हे काम पंधरा मिनिटांचे आहे, पण पुढच्या चार महिन्यांच्या आकड्यांचा अर्थ त्यावर ठरतो.

पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर ११६ चौरस किलोमीटरची चौकट त्याच्या सुमारे ५८० कोटी पट मोठी असते. एवढ्या प्रदेशाची सरासरी एका तोंडाने सांगावी अशी अपेक्षा आपण करत असतो. मुंबईत पार्ल्याला कोरडा रस्ता आणि मालाडला गुडघाभर पाणी हा अनुभव कोणालाही नवा नाही. म्हणून एका चौकटीत निदान तीन पर्जन्यमापक असावेत, तेही एकाच गल्लीत नव्हे, तर चौकटीत विखुरलेले. मित्र, नातेवाईक, शाळा यांची मदत येथे उपयोगी पडते. महापालिकेच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडेही पावसाळ्यात पाहायला मिळतात आणि आपल्या चौकटीत अशी केंद्रे असतील तर त्यांचा जरूर आधार घ्यावा.

तिसरी पायरी : पर्जन्यमापकाची आधी परीक्षा

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो आणि वाचकांनीही द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. जमिनीवरच्या मापाला आपण सहजपणे ‘सत्य’ म्हणतो, पण तेही एका यंत्राने घेतलेले माप असते आणि त्याच्यातही दोष असतात. ज्याने आपले यंत्र तपासले नाही त्याला उपग्रहाकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही.

जागा निवडताना नियम असा की, आजूबाजूचा कोणताही अडथळा पर्जन्यमापकाच्या तोंडापेक्षा जितका उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. गच्चीवरची पाण्याची टाकी तोंडापेक्षा चार मीटर उंच असेल तर आठ मीटर दूर जावे. मोकळ्या मैदानावर जमिनीलगत बसवलेला पर्जन्यमापक केव्हाही चांगला, पण मुंबईत ती चैन थोड्यांनाच परवडते. गच्चीच करावी लागली तर कमी उंचीच्या इमारतीची करावी, कारण उंच इमारतीवर वारा तोंडावरून थेंब उडवून नेतो आणि नोंद कमी येते. कठड्याला खेटून कधीही बसवू नये. सोसायटीची परवानगी मे महिन्यातच घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीवर होणारे गळतीप्रतिबंधक काम उरकल्यावरच यंत्र पक्के करावे, नाहीतर ते बाजूला सरकवले जाते आणि पुन्हा वाकडेच ठेवले जाते. तोंड आडवे समपातळीत आहे का हे गवंड्याच्या पाणसळीने दोन दिशांनी तपासावे.

साधा पर्जन्यमापक असेल तर गणित सरळ आहे. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. आत चार लिटरची बाटली असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते आणि २०० मिलिमीटरचा दिवस मुंबईला नवा नाही. म्हणून मोठ्या पावसाच्या दिवशी बाटली मध्येच रिकामी करून तो आकडा वेळेसह लिहावा आणि सकाळच्या आकड्यात मिळवावा.

अर्ध्या-अर्ध्या तासाची तुलना करायची असेल तर टिपिंग बकेट प्रकारचे स्वयंचलित यंत्र लागते. त्यात सी-सॉसारख्या दोन लहान पात्रांपैकी एक भरले की कलंडते आणि एक टीप नोंदली जाते. एका टिपेला ०.२ मिलिमीटर असे यंत्रावर लिहिलेले असले तरी ते तपासून पाहावे. औषधाच्या दुकानात मिळणारी ५०० मिलिलिटरची सलाइनची बाटली आणि तिची नळी यासाठी उत्तम पडते. बाटली रिकामी करून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ५०० ग्रॅम साधे पाणी मोजून तिच्यात भरावे, नळीचे टोक नरसाळ्याच्या भिंतीला लावावे आणि चाकी फिरवून असा वेग ठेवावा की बाटली संपायला सुमारे एक तास लागेल. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडासाठी हे २५ मिलिमीटर पावसाइतके पाणी झाले, म्हणून १२५ टिपा यायला हव्यात. १२० आल्या तर यंत्र चार टक्के कमी मोजते आहे. हाच प्रयोग वेग वाढवून पुन्हा करावा, कारण पात्र कलंडत असतानाच्या क्षणी पडणारे पाणी आधीच भरलेल्या पात्रात जाऊन वाया जाते आणि जोराच्या पावसात यंत्र कमी मोजू लागते. मंद आणि वेगवान अशा निदान तीन प्रयोगांचे आकडे लिहून ठेवावेत; मोठ्या सरींच्या नोंदी सुधारताना तेच उपयोगी पडतात.

नोंदींत बिघाड ओळखायला डोळा तयार करावा लागतो. एका जुलैमध्ये माझ्या नोंदीत असे दिसले की, दुपारी चारला पाऊस थांबला, गच्ची वाळली, तरी रात्री दहापर्यंत दर आठ-दहा मिनिटांनी एकेक टीप पडत होती. उपग्रहाकडे त्या वेळी शून्य होते आणि क्षणभर मला वाटले, उपग्रहाच्या नजरेतून रिमझिम सुटली. वर जाऊन पाहिले तर नरसाळ्याच्या भोकात कबुतराचे एक ओले पीस आडवे बसले होते, त्याच्यावर धूळ आणि शेवाळाची पातळ साय धरली होती आणि वर साठलेले चार बोटे पाणी त्यातून थेंबथेंब झिरपत होते. एकूण पाऊस जवळपास बरोबर होता, वेळ मात्र सर्वस्वी चुकीची. तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा नरसाळे उघडून पाहतो आणि तो दिवस वहीत लिहितो. पाऊस थांबल्यावरही ठरावीक अंतराने पडणाऱ्या एकेकट्या टिपा हे तुंबलेल्या नरसाळ्याचे लक्षण आहे. इतर सर्व ठिकाणी पाऊस असताना आलेले सलग शून्य हे पूर्ण तुंबल्याचे किंवा बॅटरी संपल्याचे. दोन यंत्रे शेजारी-शेजारी ठेवता आली तर असे दोष त्याच दिवशी पकडले जातात.

चौथी पायरी : घड्याळे जुळवणे

भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो आणि तो ज्या सकाळी संपतो त्या तारखेच्या नावावर लिहिला जातो. म्हणूनच सगळ्यांच्या तोंडी असलेल्या २६ जुलैच्या पावसाची अधिकृत नोंद २७ जुलैची आहे. नासाची दैनिक फाइल मात्र जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत असते, म्हणजे आपल्या पहाटे ५.३० ते दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३०. या दोन ‘दिवसांत’ तीन तासांचा फरक आहे आणि तारखेचे नाव लावण्याची पद्धतही उलटी आहे. तारखेला तारीख जुळवून केलेल्या तुलनेत खरे तर आजचा पाऊस कालच्या पावसाशी ताडला जातो. मग सहसंबंध (दोन्ही आकडे किती बरोबरीने चढतात-उतरतात याचे माप) खालावतो आणि दोष उपग्रहाच्या माथी येतो.

उपाय असा की, दैनिक फाइल वापरूच नये. अर्ध्या तासाच्या फाइली घ्याव्यात आणि जागतिक प्रमाणवेळेच्या ३.०० पासून दुसऱ्या दिवशीच्या ३.०० पर्यंतच्या ४८ आकड्यांची बेरीज आपण स्वतः करावी. जागतिक प्रमाणवेळेचे ३.०० म्हणजे आपले सकाळचे ८.३०. शहरातील दुसऱ्या एखाद्या यंत्रणेचे आकडे घेत असाल तर त्यांचा दिवस ८.३० चा आहे की ८.०० चा, हेही विचारून घ्यावे.

बेरीज करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. अर्ध्या तासाच्या फाइलमधील आकडा दर तासाच्या मिलिमीटरमध्ये असतो, म्हणून बेरजेपूर्वी तो ०.५ ने गुणावा. हे विसरल्यास उपग्रह दुप्पट पाऊस सांगतो असा खोटा शोध लागतो. माहिती नसलेल्या जागी -९९९९.९ असा आकडा असतो, तो काढून न टाकता बेरीज केली तर सगळा महिना बुडतो. आणि मूळ फाइलमध्ये रेखांश आधी व अक्षांश नंतर असा क्रम असतो. तो उलटा धरल्यास आपण मुंबईऐवजी भलत्याच ठिकाणचा पाऊस वाचतो. पायथनमधील एक्सअॅरे हे साधन नावानिशी अक्षांश-रेखांश मागू देते, त्यामुळे ही शेवटची चूक टळते.

आपल्या यंत्राचे घड्याळही दर पंधरवड्याला मोबाइलच्या वेळेशी ताडावे. चार महिन्यांत ते काही मिनिटे मागेपुढे होणे सामान्य आहे. दैनिक तुलनेत त्याने फारसे बिघडत नाही, अर्ध्या तासाच्या तुलनेत मात्र बिघडते.

पाचवी पायरी : हिशेब

चौकटीतील सर्व पर्जन्यमापकांची सरासरी ही आपली जमिनीवरची बाजू. केंद्रे बऱ्यापैकी विखुरलेली असतील तर साधी सरासरी पुरते. एका कोपऱ्यात दाटी असेल तर थिसेन बहुभुजांच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जागा तिच्या सर्वांत जवळच्या केंद्राच्या वाट्याला देऊन, प्रत्येक केंद्राला त्याच्या वाट्याच्या क्षेत्रानुसार वजन द्यावे.

हिशेब कसा फसवतो हे दाखवण्यासाठी पाच दिवसांचे काल्पनिक आकडे घेऊ. जमिनीवर अनुक्रमे १२, ४८, ११०, ६ आणि ० मिलिमीटर. उपग्रहाकडे १८, ४०, ६२, ११ आणि ५. एकूण १७६ विरुद्ध १३६, म्हणजे उपग्रह सुमारे २३ टक्के कमी सांगतो आणि सरासरी फरक रोजचा उणे ८ मिलिमीटर आहे. आता तिसरा, ११० मिलिमीटरचा दिवस बाजूला ठेवून पाहावे. उरलेल्या चार दिवसांत सरासरी फरक अधिक २ मिलिमीटर होतो. चिन्हच बदलले. फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, ज्याला आरएमएसई म्हणतात, ते पाच दिवसांसाठी २२ मिलिमीटर येते आणि चार दिवसांसाठी फक्त ६. म्हणजे हा उपग्रह हलका पाऊस वाढवून सांगतो आणि मोठा पाऊस कमी करून सांगतो, ही त्याची खरी सवय आहे आणि ‘२३ टक्के कमी’ या एका आकड्यात ती पूर्णपणे झाकली जाते.

म्हणून हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे दिवस वेगळे करून प्रत्येक वर्गाचा हिशेब निराळा मांडावा : १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. वर्ग पाडताना कोणाचा आकडा धरायचा हे आधी ठरवावे आणि ते लिहावे. एका पावसाळ्यात वरच्या वर्गांत मोजकेच दिवस मिळतील; तेथे टक्केवारी न काढता प्रत्येक दिवस स्वतंत्रपणे लिहिणे अधिक प्रामाणिक.

पाऊस पडला की नाही हे उपग्रहाला कळते का, हा वेगळा प्रश्न आहे. पावसाळी दिवसाची २.५ मिलिमीटरची अधिकृत मर्यादा घेऊन चार खाने करावेत. समजा, तीस दिवसांपैकी १८ दिवशी दोघांनीही पाऊस सांगितला, ४ दिवशी फक्त उपग्रहाने, ३ दिवशी फक्त जमिनीने आणि ५ दिवशी कोणीच नाही. खऱ्या २१ पावसाळी दिवसांपैकी उपग्रहाने १८ पकडले, म्हणजे ०.८६; त्याने सांगितलेल्या २२ दिवसांपैकी ४ खोटे निघाले, म्हणजे ०.१८, आणि निदान एकाने तरी पाऊस सांगितलेल्या २५ दिवसांपैकी १८ जुळले, म्हणजे ०.७२. ऐन जुलैत मुंबईत रोजच पाऊस असतो, त्यामुळे पहिला आकडा आपोआपच चांगला येतो. उपग्रहाची कसोटी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेरीस लागते.

सहसंबंध गुणांक काढायला हरकत नाही, परंतु एका प्रचंड पावसाच्या दिवसावर तो कसाही झुकतो. आलेख काढून ठिपके डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

सहावी पायरी : फरकातला वाटा कोणाचा

जमीन आणि उपग्रह यांच्यात दिसणाऱ्या फरकात उपग्रहाची चूक असते, पर्जन्यमापकाची चूक असते आणि तिसरा वाटा असतो तो एका ठिकाणाने सगळ्या चौकटीचे प्रतिनिधित्व न करण्याचा. हा तिसरा वाटा मोजण्याचा साधा मार्ग म्हणजे एकाच चौकटीतील आपले पर्जन्यमापक एकमेकांशी ताडणे. अंधेरी आणि मालाडच्या नोंदींत रोजचा आरएमएसई १५ मिलिमीटर येत असेल आणि उपग्रहाशी १८, तर त्या १८ पैकी बराचसा फरक पावसाच्या विखुरलेपणाचा आहे, उपग्रहाचा नव्हे.

काळाची लांबी वाढवली की हा वाटा झपाट्याने आटतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कुलाब्याला सुमारे २,१००. हंगामाचा फरक दहा टक्क्यांच्या आसपास. त्याच दोन केंद्रांत एका दिवशी ९४४ आणि ७३ असा फरक पडला होता. म्हणून अर्धा तास, दिवस, आठवडा आणि महिना अशा चारही मापांवर तुलना करावी. दिवसाचा फरक मोठा आणि महिन्याचा लहान असेल तर त्यात विखुरलेपणाचा हात मोठा आहे. महिन्याचा फरकही एकाच दिशेने टिकून असेल, तर तो उपग्रहाच्या गणिताचा किंवा आपल्या यंत्राचा कायमचा दोष आहे आणि यंत्राची परीक्षा आपण आधीच केली असल्याने कोणता ते सांगता येते.

आणखी खोलात जायचे असल्यास आयमर्गच्या फाइलमधील सोबतचे रकाने पाहावेत. एखादा अर्धा तास सूक्ष्मलहरी संवेदकाने प्रत्यक्ष पाहिलेला होता, की आधीच्या-नंतरच्या निरीक्षणांवरून ढग सरकवून भरलेला होता, हे त्यांवरून कळते आणि गुणवत्तेचा एक निर्देशांकही दिलेला असतो. प्रत्यक्ष पाहिलेले अर्धे तास वेगळे काढून त्यांचाच हिशेब केला तर संवेदकाची चूक आणि मधले अर्धे तास भरताना झालेली चूक वेगळी होते. मला स्वतःला संपूर्ण कामातला हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो, कारण येथे उपग्रहाबद्दलचे आपले मत सुधारते किंवा बिघडते, पण सकारण.

अवकाशसंस्थाही याच वाटेने जातात, फक्त त्यांचा पसारा मोठा असतो. इस्रो समुद्राच्या रंगाची निरीक्षणे लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ तपासते आणि जमिनीवरील परावर्तनाच्या अंशशोधनासाठी (संवेदकाची मापे प्रमाणाशी जुळवून घेण्यासाठी) कच्छच्या छोट्या रणाचा सपाट, उजळ पृष्ठभाग वापरते. जीपीएमच्या चमूने २०१५-१६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील ऑलिम्पिक पर्वतांवर विमाने, रडारे आणि पर्जन्यमापक एकाच वेळी राबवले होते, कारण समुद्रावरून आलेले ढग डोंगराला धडकल्यावर पडणारा पाऊस उपग्रहाला कसा चकवतो हेच त्यांना पाहायचे होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो प्रश्न नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

सातवी पायरी : ऑक्टोबरमधली तपासणी

पाऊस संपल्यावर यंत्र लगेच गुंडाळून माळ्यावर टाकू नये. मे महिन्यातला सलाइनच्या बाटलीचा प्रयोग त्याच पाण्याने, त्याच वेगाने पुन्हा करावा. मेमध्ये १२५ आलेल्या टिपा आता ११९ आल्या तर यंत्र हंगामाच्या शेवटी सुमारे पाच टक्के कमी मोजत होते. ही घट कधी सुरू झाली ते शेजारच्या दुसऱ्या यंत्राशी दर आठवड्याची बेरीज ताडून शोधावे. सापडले तर त्या तारखेपासूनच्या नोंदी सुधाराव्यात आणि मूळ नोंदी वेगळ्या जपून ठेवाव्यात. सापडले नाही तर नोंदींना हात लावू नये, अहवालात जमिनीवरील मापाची अनिश्चितता पाच टक्के लिहावी आणि उपग्रहाचा जो फरक त्या पाच टक्क्यांच्या आत येतो त्याला फरक म्हणू नये. अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात मालिकेची आवृत्ती, चौकटीच्या कडा, केंद्रांची संख्या, दिवसाची व्याख्या आणि वगळलेल्या दिवसांची कारणे यावीत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कांदिवलीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या गच्चीवरून दुसरे कोणी हेच काम करील तेव्हा त्याचे आकडे तुमच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील.